विकत घेतलेल्या वस्तूचा दुसरा धनी

वर्तमानपत्रांत हल्ली तंत्रज्ञानाचे एक पान असते. नव्या फोनचा पडदा किती इंचांचा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास टिकते, किंमत किती, मागच्या नमुन्यापेक्षा तो किती ग्रॅमने हलका, ही सारी माहिती तेथे चोख मिळते. एक प्रश्न मात्र या पानावर सहसा विचारला जात नाही. पैसे मोजून घरी आणल्यावर ही वस्तू हुकूम कोणाचा मानणार? शिवणयंत्राच्या किंवा सायकलच्या बाबतीत असा प्रश्न कोणी विचारला असता तर आपण हसलो असतो. ज्या वस्तूत संगणक आहे आणि जी इंटरनेटला जोडलेली आहे, तिच्या बाबतीत मात्र माझ्या मते हाच पहिला प्रश्न असायला हवा. तो विज्ञानाच्या तासालाही विचारता येतो, कारण त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेतच दडलेले असते.

एक जुने, पण अजून पुरते न उमगलेले उदाहरण घेऊ. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील काही वाचकांनी आपले किंडल हे वाचनयंत्र उघडले, तेव्हा त्यांनी विकत घेतलेली दोन पुस्तके गायब झाली होती. पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. झाले होते असे. ज्या प्रकाशकाने या आवृत्त्या ॲमेझॉनच्या दुकानात ठेवल्या, त्याच्याकडे अमेरिकेपुरते त्यांचे हक्क नव्हते. ऑस्ट्रेलियात या पुस्तकांचा लेखाधिकार संपला आहे, भारतातही तो २०१० अखेर संपला. अमेरिकेत ‘१९८४’चा लेखाधिकार २०४४ अखेरपर्यंत चालेल. मूळ हक्कदारांची तक्रार आली आणि ॲमेझॉनने दुकानातून पुस्तके काढली. एवढ्यावर थांबले असते तर कोणाचीच हरकत नव्हती. पण कंपनीने ती ग्राहकांच्या यंत्रांतूनही पुसून टाकली आणि पैसे परत केले. मिशिगन राज्यातील एका शाळकरी विद्यार्थ्याने ‘१९८४’वर अभ्यासासाठी टिपणे केली होती. टिपणे उरली, पण ती ज्या ओळींवर होती त्या ओळीच उरल्या नाहीत. तो न्यायालयात गेला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी आठवड्याभरात जाहीर माफी मागितली, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने ग्राहकांना टिपणांसह पुस्तक परत घ्या किंवा ३० डॉलर घ्या असे कळवले.

या बातमीवर तेव्हा रकानेच्या रकाने भरले. त्यातले बहुतेक एका योगायोगावर खर्ची पडले. ज्या कादंबरीत नको असलेले कागद जाळून टाकण्यासाठी सरकारी कचेरीत भिंतीला भोके ठेवलेली आहेत, नेमकी तीच कादंबरी पुसली गेली! योगायोग रंगतदार होता यात शंका नाही. पण त्याच्या नादात मुद्दा निसटला, असे माझे मत आहे. ॲमेझॉनने कोणाचे विचार दडपले नव्हते. उलट ती कायदा पाळू पाहत होती. पुस्तक ऑर्वेलचे नसून पाककृतींचे असते, तरी प्रश्न तोच राहिला असता. कागदी पुस्तकाच्या बाबतीत अशी चूक झाली असती तर दुकानदाराने हळहळ व्यक्त केली असती, फार तर पुस्तक परत आणून द्या अशी विनंती केली असती. गिऱ्हाईक घरी नसताना कुलूप उघडून फळीवरचे पुस्तक उचलावे आणि जागेवर पैसे ठेवून यावे, हे त्याला सुचलेही नसते, आणि सुचले तरी जमले नसते. किंडलच्या बाबतीत ते सहज जमले, कारण घराची दुसरी किल्ली विक्रीच्या दिवसापासून दुकानदाराच्या खिशात होती. बातमीदारांनी पुस्तक का पुसले हे विचारले. पुसता येते ही गोष्ट यंत्र बाजारात आले त्या दिवशी का छापली नाही, हे त्यांना कोणी विचारले नाही.

ही किल्ली चालते कशी, हे समजायला अवघड नाही. वाचनयंत्र ठराविक वेळाने कंपनीच्या संगणकाशी संपर्क साधते आणि या ग्राहकाच्या नावावर कोणती पुस्तके आहेत याची यादी ताडून पाहते. यादीत नवे नाव आले की यंत्र ते पुस्तक उतरवून घेते. याच वाटेने नाव गेल्याचा निरोप आला तर पुस्तक पुसले जाते. सोय आणि जप्ती या दोहोंसाठी यंत्रणा एकच असते. म्हणूनच ‘कंपनी चांगली आहे, ती असे करणार नाही’ हे उत्तर अपुरे पडते. कंपनीचा स्वभाव बदलू शकतो, मालक बदलू शकतो, न्यायालयाचा आदेश येऊ शकतो. रचना जागेवरच राहते.

किंडलच्या आधी, २००५ मध्ये, सोनी बीएमजी या संगीत कंपनीने तर दुसरी किल्ली चोरूनच बनवली होती. तिच्या काही सीडी संगणकात घातल्या की गाणी ऐकण्यासाठी एक प्रणाली बसवली जाई आणि तिच्याबरोबर दुसरी एक प्रणाली गुपचूप शिरे. गाण्यांच्या जास्त नकला होऊ नयेत, हा तिचा हेतू. लपण्यासाठी तिने केलेली युक्ती मात्र वर्गात सांगण्यासारखी आहे. ज्या फाइलच्या नावाची सुरुवात विशिष्ट पाच चिन्हांनी होते, ती फाइल संगणकाच्या यादीत दिसूच नये अशी व्यवस्था तिने करून ठेवली. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाला ३१ ऑक्टोबर २००५ च्या सुमारास आपल्याच संगणकात काहीतरी लपले आहे असे आढळले आणि त्याने ते उघड केले. आता गंमत पाहा. पडदा एकदा टांगला की त्यामागे कोणीही उभे राहू शकते. दोन आठवड्यांच्या आतच विषाणू बनवणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तीच पाच चिन्हे जोडली, आणि एका संगणकीय खेळातील लबाडांनीही तेच केले. ही चोरटी प्रणाली हाताने उपटू जावे तर सीडीचा चालकच बंद पडे. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने नभोवाणीवर असा सूर लावला की, बहुतेक लोकांना हे प्रकरण काय आहे तेच ठाऊक नसते, मग त्यांनी त्याची फिकीर कशाला करावी! शेवटी सीडी परत मागवाव्या लागल्या. अधिकाऱ्याचे विधान उद्दाम होते, पण निरीक्षण म्हणून खोटे नव्हते. लोकांना ठाऊक नव्हते, कारण त्यांना सांगण्याचे काम ज्यांचे, ते गाण्यांना तारे वाटण्यात गुंतले होते.

तंत्रज्ञानाच्या पानाची भाषाही तपासून पाहण्यासारखी आहे, आणि येथे विज्ञानाच्या शिक्षकांनी मराठीच्या शिक्षकांची मदत घ्यावी. ‘हा टीव्ही तुमची आवड ओळखतो.’ या वाक्यात कर्ता कोण? व्याकरणाप्रमाणे टीव्ही. पण टीव्हीला आवड कळत नाही. टीव्ही आपण काय पाहतो याची नोंद करून ती दुसरीकडे पाठवतो, आणि तिकडचे कोणीतरी ती वापरते. खरा कर्ता वाक्याबाहेर उभा असतो. ‘फोन आपोआप सुधारित होतो’, ‘घड्याळ तुमची काळजी घेते’ ही त्याच साच्यातली वाक्ये. ती कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात असावीत हे समजू शकते. ती जशीच्या तशी बातमीत का उतरावीत?

टीव्हीचे उदाहरण मी हवेतून काढलेले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने व्हिझिओ या टीव्ही कंपनीचे प्रकरण २२ लाख डॉलरवर मिटवले. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे २०१४ पासून १ कोटी १० लाख टीव्ही संच, पडद्यावर काय चालले आहे याची सेकंदासेकंदाची नोंद मालकाला न सांगता गोळा करत होते, आणि ही माहिती इतरांना विकली जात होती. वरून येणारे कार्यक्रमच नव्हेत, तर जोडलेल्या डीव्हीडी यंत्रावरचा चित्रपटही यातून सुटत नसे. हे करणाऱ्या सोयीचे नाव ठेवले होते ‘स्मार्ट इंटरॲक्टिव्हिटी’.

टीव्हीला चित्रपट ओळखता कसा येतो? चित्र पाठवून नव्हे. ते फार जड पडेल. पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. त्यातले थोडेच ठरलेले बिंदू निवडायचे आणि त्यांचे रंग तेवढे टिपायचे. समजा, आपण फक्त १० बिंदू घेतले आणि प्रत्येकाची उजळता काळा, गडद, फिकट, पांढरा अशा चारच पायऱ्यांत मोजली. तर शक्य असलेले नमुने ४ चा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६ होतात. बिंदू २० केले की ही संख्या १ लाख कोटींच्या वर जाते. लागोपाठची चित्रे एकमेकांसारखी असल्याने सगळे नमुने प्रत्यक्षात येत नाहीत, तरी काही सेकंदांची ओळ जुळली की चित्रपट कोणता आणि त्यातली जागा कोणती हे नक्की होते. बोटाचा ठसा माणसापेक्षा कितीतरी लहान असतो, पण माणूस ओळखायला पुरतो, तसेच हे. चौकटींचा कागद आणि पाच-सहा छायाचित्रे घेऊन दहावीच्या वर्गात हा प्रयोग एका तासात होतो. कोणते चित्र निवडले ते मुले दहा चौकटींवरून बिनचूक सांगतात, आणि मग टीव्ही ‘आवड ओळखतो’ म्हणजे काय करतो हे वेगळे समजावावे लागत नाही.

आता माझ्या म्हणण्याला अडचणीचे ठरणारे एक उदाहरण. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. विमानात तो वापरू नये असे आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक संचालनालयाने सांगितले होते. कंपनीने फोन परत मागवले, पण काही लोक ते देईनात. तेव्हा डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केले की अमेरिकेतील उरलेल्या फोनना दूरून असा आदेश पाठवू, की ते चार्जच होणार नाहीत. येथे दुसऱ्या किल्लीने आग टळली असे म्हणायला जागा आहे. शेजाऱ्याच्या घरालाही धोका असेल तर मालकाची मर्जी शेवटची नसते, हे मला मान्य आहे. तरीही त्या प्रसंगातला एक तपशील विसरू नये. व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीने आधी हा आदेश पुढे पाठवायला नकार दिला. कारण, सणाच्या दिवसांत कोणाकडे दुसरा फोन नसेल तर अडल्या वेळी तो मदत कशी मागणार? म्हणजे वाद दोन कंपन्यांत झाला. फोन ज्याच्या खिशात होता, त्याने मते ऐकायची. दूरनियंत्रण सर्वस्वी नको, असे मी म्हणत नाही. ते आहे हे विकतानाच सांगावे, कोणत्या कारणासाठी वापरता येईल हे लिहून द्यावे, आणि वापरले की कळवावे, एवढी अपेक्षा जास्त नाही. किंडलच्या दाव्यात तडजोड झाली तेव्हा ॲमेझॉनने अशीच कारणे मर्यादित करून दिली होती, ती कोर्टात गेल्यावर.

दुसरा धनी नेहमी कंपनीच असतो असेही नाही. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या दूरसंचार विभागाने फोन बनवणाऱ्यांना आदेश दिला की ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीपासूनच घातलेले असावे. हरवलेला फोन बंद पाडणे, फसव्या फोनची तक्रार करणे ही त्याची कामे उपयोगाची आहेत. गदारोळ झाला, मंत्र्यांनी ॲप काढून टाकता येईल असे सांगितले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याचे दाखले या वादात पुष्कळ दिले गेले, आणि ते योग्यच होते. पण बरीचशी चर्चा सरकार विरुद्ध विरोधक अशी रंगली. ॲप कोणकोणत्या परवानग्या मागते, त्यातली कोणती कोणत्या कामाला लागते, ही साधी दोन स्तंभांची तक्ती जास्त उपयोगी पडली असती.

अशी तक्ती करायला बातमीदारच हवा असे नाही. शिक्षकांच्या स्वतःच्या फोनमध्ये कामासाठी किती ॲप घालावी लागतात, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपच्या परवानग्या पाहता येतात. अकरावीच्या मुलांना दोन-दोनच्या गटांत बसवून ॲपचे काम एका बाजूला आणि त्याने मागितलेल्या गोष्टी दुसऱ्या बाजूला लिहायला लावाव्यात. मग इंटरनेट बंद करून कोणते ॲप तरीही काम करते ते पाहावे. नकाशा अडला तर त्यात नवल नाही. गणकयंत्र किंवा विजेरी अडून बसली, तर तिला बाहेर कोणाशी बोलायचे आहे हे विचारावे. विजेरीचा उल्लेख सहज केलेला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या त्याच व्यापार आयोगाने, कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतलेल्या एका मोफत विजेरीच्या ॲपवर कारवाई केली. ते फोनचा ठावठिकाणा आणि ओळखक्रमांक जाहिरातवाल्यांना पाठवत होते. अटी मान्य की अमान्य असे ते वापरणाऱ्याला विचारत असे खरे, पण बटणावर बोट पडण्याआधीच माहिती रवाना झालेली असे.