पांढरी तीनमधला खर्ज

'व्हॉट्स गोइंग ऑन' या गाण्याची पहिली काही सेकंदं जगभरच्या रसिकांच्या ओळखीची आहेत. दारात मित्र भेटल्यासारख्या गप्पा, त्यात डेट्रॉइट लायन्स या फुटबॉल संघाचे दोन खेळाडू मेल फार आणि लेम बार्नी यांचेही आवाज, आणि त्यावरून घरंगळत जाणारा ईलाय फोंटेनचा सॅक्सोफोन. मग मार्विन गे गायला लागतो आणि बाकी सगळ्याचा विसर पडतो. जानेवारी १९७१ मध्ये निघालेल्या या गाण्याबद्दल आजवर भरपूर लिहून झालं आहे. व्हिएतनामहून परतलेला गेचा भाऊ, बर्कलीच्या पीपल्स पार्कमध्ये पोलिसांनी केलेली मारहाण पाहून अस्वस्थ झालेला सहगीतकार ओबी बेन्सन, 'हे चालणार नाही' म्हणून अडून बसलेला मोटाउन कंपनीचा मालक बेरी गॉर्डी. हे सगळं खरं आणि महत्त्वाचं. मला मात्र या गाण्याच्या तळाशी काय चाललं आहे त्याबद्दल लिहायचं आहे. तिथे जेम्स जेमर्सन बेस गिटार वाजवतो आहे आणि माझ्या मते हे गाणं जितकं गेचं, तितकंच त्याचं आहे.

आपल्या कानांना बेस ऐकायची सवय नसते, याला कारण आहे. आपला खर्ज तानपुऱ्यात असतो आणि मैफल संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. गवय्याने कुठेही हिंडून यावं, सा तिथेच असतो. अशा पाश्चात्त्य गाण्यांत तसं नाही. वरची चाल एकाच स्वरावर थांबलेली असताना खालचा आधारस्वर बदलतो, आणि तो बदलला की वरचा तोच स्वर वेगळा भासायला लागतो. हा आधारस्वर हलवायचं काम बेसवाल्याचं. शिवाय ड्रमरबरोबर ठेकाही त्यानेच धरायचा. म्हणजे तानपुरा आणि डग्गा, दोन्हींचा भार एकाच माणसावर. काम चोख झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, आणि का अडखळले ते त्यांनाही सांगता येत नाही.

आता गाण्याकडे येऊ. पट्टी ई मेजर, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी तीन. बेसवाल्याला ही पट्टी विशेष सोयीची, कारण चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की हाच स्वर निघतो. त्याच्या खाली त्या वाद्यात काही नाहीच. पांढरी तीनला सा मानलं, तर कडव्याचा आधार असा चालतो: सा, मग ध, पुन्हा सा, पुन्हा ध, मग रे, मग प. प्रत्येक मुक्काम दोन-दोन बारचा, बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन. आराखडा एवढाच. आपल्याकडच्या एखाद्या ऑर्केस्ट्रातला बरा बेसवाला हा पाच मिनिटांत बसवील आणि चहाला जाईल.

जेमर्सन काय करतो? समेवर तो आधारस्वर ठेवतो, अगदी ठाम. तिथे त्याची कसलीही लबाडी नसते. मग तो थांबतो. हे थांबणं फार मोलाचं आहे, कारण काँगो आणि टाळ्या-चुटक्या त्या फटीतून वर येतात. मात्रेचे चार भाग केले तर अगदी शेवटच्या भागावर मग एक दबका टोला पडतो, आणि त्याला लागून दोन-तीन स्वरांची झेप. टोला मात्रेच्या आधी पडतो, म्हणून गाणं पुढे ओढलं जातं. समेवरचा स्वर रेंगाळतो, म्हणून ते मागे रेलून बसतं. एकाच बारमध्ये पुढे ओढणं आणि मागे रेलणं. या गाण्यात वेदना असूनही मान डोलत राहते, त्याचं रहस्य मला इथे दिसतं.

ध वरून सा वर परतताना तो मधले असे स्वरही घेतो जे त्या पट्टीत बसत नाहीत. घेतो इतक्या चटकन, की कानाला खटकायच्या आत सा येऊन पडलेला असतो. त्याची एरवीची एक खोडही इथे लक्षात ठेवावी. हात पडद्यांवर एका जागेवरून दुसरीकडे सरकत असताना तो मोकळी तार छेडून मोकळा होतो. बेसच्या वरच्या दोन मोकळ्या तारा पांढरी तीनच्या हिशेबाने कोमल नी आणि कोमल ग पडतात. एखाद्या शिस्तीच्या मास्तरने त्या लाल शाईने खोडल्या असत्या. जेमर्सनच्या हातात त्या शृंगारासारख्या शोभतात, कारण त्यांच्या मागे आणि पुढे जे स्वर असतात ते बावनकशी असतात.

कडव्यांच्या मधला भाग, जिथे शब्द थांबतात आणि गे नुसता आकार-हुंकार करतो, तो तर चाखत चाखत ऐकावा. आधार तिथे शुद्ध मध्यमावर जातो आणि मेजरचा मायनर होतो. म्हणजे मूळ सा च्या नजरेने पाहिलं तर ग आणि ध एकदम कोमल होतात. आभाळ भरून येतं. आणि हा मध्यम म्हणजे बेसची दुसरी मोकळी तार! जेमर्सन तिथे वर-वर खेळत नाही, ती तार घुमू देतो. मग पंचमावरून वळसा घेऊन गाणं पुन्हा पांढरी तीनमध्ये उजळतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ऱ्हिदमचा ट्रॅक आधी, १९७० च्या जूनमध्ये रेकॉर्ड झाला. गेचा आवाज त्यावर नंतर चढला. गेचे दोन वेगवेगळे टेक एकाच वेळी ऐकू येतात, ते इंजिनिअरच्या हातून अनवधानाने झालं आणि गेला आवडलं म्हणून तसंच राहिलं, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पण बेस आधीचा असेल, तर गायक आणि बेस यांच्यातली जी सवाल-जवाबाची जोडी आपल्याला ऐकू येते, तिच्यातला सवाल बेसचा आहे. गे त्याला उत्तर देतो.

हे वाजवणं आलं कुठून? कुठल्या विद्यापीठातून नाही. जेमर्सन १९३६ चा, साउथ कॅरोलायनातल्या इडिस्टो बेटावरचा. अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये आईपाठोपाठ डेट्रॉइटला आला आणि शाळेत उभ्या डबल बेसला हात लावला. शाळा सुटायच्या आधीच तो गावातल्या बँडमध्ये वाजवू लागला होता. लग्नं, पार्ट्या, ब्लूजचे अड्डे, जॅझचे क्लब, मिळेल ते काम. वॉशबोर्ड विली नावाच्या एका हरहुन्नरी माणसाच्या बँडमध्ये त्याने उमेदवारी केली. पुढे जॅकी विल्सनबरोबर दौरे केले. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. पाळी संपवून आलेला कामगार आठवड्याचा शीण घालवायला नाचतो, आणि त्याला नाचवत ठेवलं नाही तर पुढच्या आठवड्यात क्लबचा मालक दुसरा बँड बघतो. जेमर्सनच्या वादनातली ती ठाम सम या रात्रींची कमाई आहे. समेवर चुकायची चैन त्याला परवडणारी नव्हती. वरची सगळी नक्षी त्याने त्या खुंटीला टांगून शिकली.

पुढे मोटाउनच्या स्टुडिओत काम मिळालं तरी क्लब सुटले नाहीत. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरामागे गॅरेजचा केलेला तो स्टुडिओ, छतावरून लोंबणाऱ्या वायरींमुळे वादकांनी त्याला 'स्नेकपिट' नाव दिलं होतं. दिवसा तिथे गाण्यामागून गाणी काढायची, आणि रात्री बाराव्या रस्त्यावरच्या 'चिट चॅट लाउंज'सारख्या ठिकाणी अर्ल व्हॅन डाइकच्या बँडमध्ये जॅझ वाजवायचं. दिवसा पोटासाठी, रात्री स्वतःसाठी, असं म्हणायचा मोह होतो. पण ते खरं नाही. रात्रीचं जॅझ दिवसाच्या गाण्यांत झिरपत होतं. 'यू कान्ट हरी लव्ह', 'बर्नाडेट', 'फॉर वन्स इन माय लाइफ' ही ओळीने ऐका. त्यातल्या शेवटच्या गाण्यात त्याचा एक बार दुसऱ्यासारखा सापडणं मुश्कील, असं बेस वाजवणारे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. शिवाय कंपनीची नजर चुकवून परगावी जाऊन वाजवणंही चालायचंच. जॅकी विल्सनच्या 'हायर अँड हायर'चं रेकॉर्डिंग शिकागोचं, पण खाली ठेका धरून बसलेली मंडळी ही डेट्रॉइटची.

हाताबद्दल थोडं सांगायला हवं. जेमर्सन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचा. उभ्या बेसची ती सवय. मित्रांनी त्या बोटाचं नाव 'हुक' ठेवलं होतं. गिटार १९६२ ची फेंडर प्रिसिजन. तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट वेटोळ्यांच्या तारा, त्याही पडद्यांपासून इतक्या उंच की दुसऱ्या कुणाला दाबताना घाम फुटावा. घोडीजवळ फोमचा तुकडा, म्हणजे स्वर गुंजत न राहता टप्पकन बसतो. तार तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही; त्याच्या मते सगळी मजा तारांवरच्या मळात होती. बेसची वायर ॲम्प्लिफायरकडे न जाता थेट मिक्सिंगच्या यंत्रात जायची. म्हणून मोटाउनच्या रेकॉर्डवरचा बेस खोलीभर घोंघावत नाही, जवळ बसून कुणी बोलावं तसा ऐकू येतो.

'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या रेकॉर्डिंगबद्दल एक चटकदार गोष्ट फिरते. गेला जेमर्सनच हवा होता, तो एका ब्लूज बारमध्ये सापडला, आणि इतका प्यायलेला होता की स्टुलावर बसता येईना, म्हणून जमिनीवर पडून वाजवला. एका सहवादकानेच सांगितलेली ही गोष्ट, खोटी म्हणायचं कारण नाही. पण ती ज्या चवीने सांगितली जाते त्याचा मला कंटाळा आहे. दारूत बुडालेला प्रतिभावंत आपल्याला फार आवडतो. आपल्याकडच्या गायक-वादकांबद्दलही असल्या गोष्टींचं पीक उदंड आहे. मला जास्त बोलकी वाटते ती त्याच्या बायकोने, ॲनीने, सांगितलेली आठवण: त्या रात्री घरी आल्यावर तो म्हणाला की आज आम्ही एका अद्वितीय गाण्यावर काम केलं. कामाबद्दल घरी असा भरभरून तो क्वचितच बोलायचा. शेकडो गाणी वाजवलेल्या माणसाला कोणतं गाणं वेगळं आहे, हे ते बाजारात यायच्या आधी कळलं होतं. मालकाला कळलं नव्हतं.

नावाचं म्हणाल, तर मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. आपल्या हिंदी सिनेसंगीतातही तेच. राहुलदेव बर्मनच्या वाद्यवृंदातले बेसवादक टोनी वाझ हे नाव त्या गाण्यांवर नाचलेल्या किती जणांना माहीत असेल? 'व्हॉट्स गोइंग ऑन' याच नावाचा अल्बम मे १९७१ मध्ये आला, तेव्हा त्याच्या वेष्टणावर वादकांची नावं पहिल्यांदा आली. जेमर्सनच्या नावामागे तर 'अतुलनीय' असं विशेषण. अल्बममधला सगळाच बेस मात्र त्याचा नाही. 'मर्सी मर्सी मी' आणि 'इनर सिटी ब्लूज' यांवर बॉब बॅबिट आहे आणि तोही झकास वाजवतो. जेमर्सनच्या भक्तांनी हे श्रेय लाटू नये.

१९७२ मध्ये कंपनीने डेट्रॉइट सोडून लॉस एंजलिसला बस्तान हलवलं. जेमर्सन मागोमाग गेला, पण तिथे त्याचं जमलं नाही. जुन्या तारा, एक बोट, स्वतःची मर्जी हे तिथल्या निर्मात्यांना चालेना, आणि दारू वाढत गेली. मार्च १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. त्याला कुणी बोलावलं नाही. तो तिकीट काढून प्रेक्षकांत बसला. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो गेला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या आधी काही दिवस ती १९६२ ची फेंडरही चोरीला गेली होती. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादकांसाठी नवा विभाग उघडला, त्यात पहिल्याच खेपेला त्याचं नाव आलं.

तुम्हाला हे ऐकायचं असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. पांढरी तीनचा तो मोकळा खर्ज सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा, आणि तो त्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेर पडत नाही. बरे हेडफोन लावा. सुरुवात 'माय गर्ल'ने करा: आधी एकटा बेस, मग रॉबर्ट व्हाइटच्या गिटारवर चढत जाणारे सा रे ग प ध सा, चक्क भूपाचे स्वर. खालचा आधार हलला की तीच चढण दुसऱ्या स्वरावरून पुन्हा सुरू होते, तेवढं पकडता आलं की निम्मं काम झालं. मग 'व्हॉट्स गोइंग ऑन' दोनदा, दुसऱ्यांदा गेकडे ठरवून दुर्लक्ष करत. शेवटी जॅक्सन फाइव्हचं १९७० चं 'डार्लिंग डियर'. गाणं तसं बेतास बात आहे, लहानग्या मायकलसाठी कुणी ते ऐकत असेल तर ऐको. बेससाठी मात्र ते चुकवू नका.