वंश, मन आणि डॉ. आंबेडकर

वंशविचार आणि मानसशास्त्र यांच्या संबंधाचा इतिहास म्हणजे पाश्चात्त्य बुद्धिमापनाचा इतिहास, असा समज रूढ आहे. सातारा-सांगलीच्या अभ्यासकाने मात्र त्याचा प्रारंभ घराजवळून करावा. १९०० मध्ये सातारच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांनी पुढे या विचाराची मूलगामी चिकित्सा केली. जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीशी व्यस्त प्रमाणात असतो, असे हर्बर्ट रिस्ले यांचे प्रतिपादन होते. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात आंबेडकरांनी नासिकामापनाच्याच आकड्यांवरून ब्राह्मण व अस्पृश्य भिन्नवंशीय नाहीत, असा निष्कर्ष काढला. मात्र तो सशर्त आहे : मानवमितीवर वंशनिर्णयासाठी विसंबता येत असेल, तर. हा ‘तर’ गाळून त्यांचा दाखला दिला की, रिस्ले हरतात. परंतु त्यांची मोजपट्टी जिंकते. (ती मापे कोणी, कोणत्या अधिकाराने घेतली, हा प्रश्नही मग कोणी विचारीत नाही.) म्हणूनच १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’तील भूमिका मला अधिक मूलभूत वाटते. तेथे जात ही मूलतः एक मानसिक धारणा ठरते. ही भूमिका स्वीकारल्यास संशोधनाचा विषय अस्पृश्याचे नाक-डोके न राहता, अस्पृश्यता पाळणाऱ्याचे मन हा होतो.