मीटिंग संपल्यावर काय उरतं? पाबळच्या फॅब लॅबच्या निमित्ताने

पीएचडीला लागलात की पहिल्या महिन्यातच एक प्रश्न येतो, आणि तो कोणी गांभीर्याने घेत नाही. गाईड पुण्यात, को-गाईड दुसऱ्या राज्यात, फील्डवरचा मदतनीस एखाद्या गावात आणि तुम्ही या तिघांच्या मध्ये. काम कशावर करायचं? कोणीतरी म्हणतं, "एक ग्रुप काढू या, बाकी कॉलवर बोलू." निर्णय पाच मिनिटांत होतो आणि पाच वर्षं भोगावा लागतो.

आमचंही तसंच झालं होतं. फील्डवरचे दादा वहीतल्या रीडिंगचा फोटो रोज ग्रुपवर टाकायचे. माझ्या फोनची जागा भरली म्हणून मी एका रात्री जुने फोटो उडवले. दादांचा फोन त्याआधीच बदलला होता. वही पावसात भिजली होती. तीन आठवड्यांची रीडिंग गेली ती गेलीच. चूक माझी होती. पण तेव्हापासून एखादं सॉफ्टवेअर 'चांगलं' आहे असं कोणी म्हटलं की मी विचारते, मीटिंग संपल्यावर त्यात काय उरतं?

या प्रश्नाचं सगळ्यात विचारपूर्वक दिलेलं उत्तर मला सापडलं ते शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हा त्याचा पाया. २००२ साली तिथे फॅब लॅब आली. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने जगभर पसरलेल्या या जाळ्यातल्या, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ही एक. पुढे २००९ मध्ये या जाळ्याने फॅब अकॅडमी हा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी आपापल्या गावातल्या लॅबमध्ये, वर्ग मात्र सगळ्यांचा एकच. विज्ञान आश्रमही त्यात केंद्र म्हणून सहभागी झाला.

आता त्यांची रचना बघा. दर बुधवारी व्हिडिओवर सगळे एकत्र येतात. बॉस्टनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तिकडच्या हिवाळ्यात साडेसात. पण व्हिडिओ हा त्या रचनेचा लहान भाग. खरं काम दुसरीकडे होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवडाभर काय केलं, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं हे स्वतःच्या पानावर लिहायचं, डिझाईनच्या मूळ फाईली जोडायच्या आणि सगळं एका सामाईक रिपॉझिटरीत चढवायचं. पूर्वी त्यासाठी मर्क्युरिअल वापरायचे, नंतर गिट आलं. मूल्यमापन होतं ते या लिखाणाच्या आधारावर. कॉलवर कोण किती छान बोललं याने भागत नाही.

यात तीन गोष्टी मला फार पटतात.

पहिली, कमकुवत इंटरनेटचा विचार. गिटमध्ये प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर प्रकल्पाची इतिहासासकट पूर्ण प्रत असते. रेंज नसताना काम करा, नोंदी करत राहा, रात्री रेंज आली की चढवा. व्हिडिओ कॉलला हे जमत नाही. लाईट गेली की तुम्ही बैठकीतून बाहेर. टीमसाठी साधन निवडताना डेमो नेहमी ऑफिसातल्या वायफायवर बघितला जातो. तो बघायला हवा टीममधल्या सगळ्यात वाईट रेंज असलेल्या माणसाच्या फोनवर.

दुसरी, बाहेर पडायची वाट. गिट आणि मर्क्युरिअल या दोन्हींचा जन्म २००५ चा, आणि कारणही एकच. लिनक्सचे प्रोग्रामर बिटकीपर नावाचं खाजगी साधन फुकट वापरत होते. कंपनीने ती फुकट सोय काढून घेतली. मग लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं आणि मॅट मॅकॉलने मर्क्युरिअल. आपल्याकडे एवढं कसब नसतं, म्हणून आपण आधीच सावध राहायचं. स्लॅकने २०२२ पासून फुकट प्लॅनमध्ये फक्त ९० दिवसांचे मेसेज दिसतील असं केलं. स्काईप मे २०२५ मध्ये बंदच झालं. पीएचडी यापेक्षा जास्त चालते! शिवाय विद्यापीठाच्या ईमेलवर सगळा ड्राईव्ह उभा केला असेल, तर पदवी मिळाल्यावर ते खातं किती दिवस राहणार हे आजच विचारून घ्या.

तिसरी, शिस्त. साधन सगळ्यांना सारखंच मिळतं, पण दर आठवड्याला लिहायचं हा नियम माणसांनी घातलेला आहे. तो नसता तर रिपॉझिटरीही आपल्या ड्राईव्हसारखीच झाली असती, 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फाईलींनी भरलेली.

एवढं कौतुक केल्यावर आता तक्रार.

गिट मजकुरासाठी उत्तम आहे. एक्सेल, वर्ड, फोटो, कॅडच्या फाईली यात ते चाचपडतं. दोघांनी एकाच एक्सेल फाईलीत बदल केले तर ते जुळवून देत नाही, कोणाची तरी एक प्रत निवडावी लागते. मोठा फोटो एकदा चढवला की नंतर पुसला तरी इतिहासात राहतो आणि रिपॉझिटरी फुगते. म्हणूनच फॅब अकॅडमीत फोटो लहान करून चढवा असं पुन्हा पुन्हा सांगतात. शेवटच्या सादरीकरणाचा एका मिनिटाचा व्हिडिओही मोजक्याच एमबीत बसवायचा असतो. ही काटकसर चांगली, पण ती शिकायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या हिशेबात धरलेला नसतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गिट कोणाला 'लेखक' मानतं. कमिट ज्याच्या नावाने झालं, तो. वेल्डिंग कोणी केलं, पहाटे उठून तापमान कोणी घेतलं, यंत्राचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे कोणी ओळखलं, हे त्याला कळत नाही. ज्याला इंग्रजी येतं, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि टर्मिनलची भीती गेलेली आहे, त्याचं नाव इतिहासात दिसतं. पाबळमध्ये कोणाचं नाव राहिलं असं मी म्हणत नाही. मी साधनाबद्दल बोलतेय. हाताने काम करणाऱ्याला मान देणाऱ्या गावात जे साधन येतं, तेच मुळात कीबोर्डवरच्या हाताला ओळखतं, हा विरोधाभास आपण निवड करताना बघायला हवा.

कारण पुढे हाच इतिहास पुरावा ठरतो. पेपर लिहायची वेळ आली की सगळे रेकॉर्ड उघडतात, आणि रेकॉर्डमध्ये नसलेला माणूस आभाराच्या ओळीतही येत नाही. आमच्या दादांचे फोटो मी उडवले तेव्हा आकडे गेलेच, पण त्या तीन आठवड्यांतलं त्यांचं कामही गेलं. त्याची एकही खूण उरली नाही.

मग करायचं काय? गिट सोडा असं मी सांगणार नाही. मी स्वतः थीसिसचा कोड आणि मजकूर त्यातच ठेवते. पण फील्डवरच्या नोंदींसाठी आता आमच्याकडे मराठीतला साधा फॉर्म आहे. तो फोनवर रेंज नसतानाही भरता येतो, आणि त्यात 'नोंद कोणी केली' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महिन्यातून एकदा तो डेटा सीएसव्ही करून मी रिपॉझिटरीत टाकते. कमिटच्या खाली 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ घालून दुसऱ्याचं नाव जोडता येतं, गिटलॅब आणि गिटहब दोन्ही ते ओळखतात. आणि पेपरसाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी आहे, त्यात डेटा गोळा करणं ही लेखनापेक्षा वेगळी, मोजली जाणारी भूमिका आहे. ती यादी पेपर लिहायच्या दिवशी उघडू नका. काम वाटून घ्याल त्याच दिवशी उघडा.

तुमच्या टीमची पहिली मीटिंग होईल तेव्हा कोणतं ॲप हा वाद लगेच घालू नका. आधी कागदावर सगळ्यांची नावं लिहा, फील्डवरच्या माणसाचंही. प्रत्येक नावापुढे लिहा, हा माणूस आपलं काम स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने नोंदवू शकेल का? ज्या नावापुढे 'नाही' येईल, तिथून निवड सुरू करा.