ईश्वराचे दुःखसहन आणि इच्छास्वातंत्र्य : ‘क्रिस्तपुराण’ व ‘पॅरडाइज लॉस्ट’

ख्रिस्ती तत्त्वचिंतनात तीन कल्पना परस्परांत गुंतलेल्या आहेत. मानवाला इच्छास्वातंत्र्य आहे, म्हणून पाप संभवते. पापामुळे तारणाची गरज उद्भवते. आणि ते तारण ईश्वराच्या देहधारी पुत्राच्या दुःखसहनातून घडते. यांपैकी कोणत्या कल्पनेवर भर द्यायचा, हा प्रश्न महाकाव्य रचणाऱ्या कवीपुढे केवळ धर्मशास्त्रीय राहत नाही. तो रचनेचा प्रश्न होतो. दोन इंग्रज कवींनी सुमारे अर्धशतकाच्या अंतराने त्याला दिलेली उत्तरे येथे ताडून पाहावयाची आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राचोल येथे मराठीत छापले गेले. जॉन मिल्टन यांचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ 1667 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. एक कवी जेज्विट, दुसरा प्युरिटन. प्रभाव-अभ्यासाला येथे वाव नाही. समान कथावस्तूच्या भिन्न मांडणीचा विचार तेवढा करता येतो.

या दोघांतील भेद पंथभेदाने स्पष्ट होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु इच्छास्वातंत्र्याच्या मुद्द्यावर हे स्पष्टीकरण टिकत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये असे प्रतिपादिले, की आदिपापाने मानवी इच्छा दुर्बल झाली, पण नष्ट झाली नाही. ईश्वरी कृपा स्वीकारणे वा नाकारणे मानवाच्या हाती राहते. जेज्विट संघातील लुइस दे मोलिना यांनी 1588 मध्ये हीच भूमिका तर्कदृष्ट्या अधिक सूक्ष्म केली. मिल्टनही कॅल्विनप्रणीत पूर्वनियतिवादापासून दूर सरकलेला होता. त्याच्या तिसऱ्या सर्गातील परमपिता ठामपणे सांगतो, की मानवाचे पतन आपल्याला पूर्वीच ज्ञात होते, तथापि त्या ज्ञानाने पतन घडविले नाही. म्हणजे स्वातंत्र्याविषयी जेज्विट आणि प्युरिटन एकमेकांच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ येतात. भेद आहे तो दुःखसहनाला मिळालेल्या स्थानात.

मिल्टनच्या काव्यात तारणाचा निर्णायक क्षण क्रुसावर येत नाही. तो स्वर्गातील सभेत येतो. मानवासाठी मृत्यू पत्करणारा कोणी आहे काय, असे परमपिता विचारतो. सारा देवदूतसमुदाय निःशब्द होतो. आणि पुत्र स्वतःला अर्पण करतो. प्रत्यक्ष क्रुसारोहण बाराव्या सर्गात मायकेलच्या भविष्यकथनात थोड्या ओळींत उरकले जाते. हा योगायोग नव्हे. तरुणपणी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर आरंभिलेली कविता मिल्टनने अपूर्ण सोडली होती, आणि 1671 च्या ‘पॅरडाइज रीगेन्ड’मध्ये गमावलेले नंदनवन परत मिळते ते अरण्यातील मोहावर मिळविलेल्या विजयाने. त्याच्या दृष्टीने तारणाचे सार आज्ञापालनात, म्हणजे इच्छेच्या कृतीत आहे. वेदना हा तिचा परिणाम होय.

‘क्रिस्तपुराणा’ची घडण वेगळी आहे. 1907 च्या मंगळूर आवृत्तीनुसार त्यात 10,962 ओव्या आहेत. पैकी 4,181 पहिल्या पुराणात आणि 6,781 दुसऱ्यात. आदामाचे पतन पहिल्या पुराणात येते, पण ते दीर्घ प्रतीक्षेचा आरंभ म्हणून. रचनेचा भार दुसऱ्या पुराणातील ख्रिस्तचरित्रावर आहे आणि तेथे दुःखसहनाला अनेक अवस्वरांचा विस्तार मिळतो. बाग, अटक, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस हे सारे श्रोत्यापुढे सावकाश उलगडते. मिल्टन जे संक्षेपाने सांगतो, तेथे स्टीफन्स थांबतो.

या थांबण्याचे कारण कॅथलिक भक्तिपरंपरेत आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. श्रोता कोण, हेही पाहावे लागते. साष्टीतील नवख्रिस्ती समाजातील एक ब्राह्मण पाद्री-गुरूकडे पुराणाची मागणी करतो, अशी या ग्रंथाची चौकट आहे. कर्मविपाकाच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याला ‘मानव स्वतंत्र का?’ या प्रश्नापेक्षा ‘निष्पापाने दुःख का भोगावे?’ हा प्रश्न अधिक अडविणारा होता. दुःख हे पूर्वकर्माचे फळ मानले, तर क्रूस हाच आरोप ठरतो. भक्तासाठी कष्टणारा देव या श्रोत्याला अपरिचित नव्हता. जनीबरोबर दळणारा विठ्ठल आख्यायिकांत होताच. परंतु ते कष्ट प्रेमाची सेवा होते. दुसऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त देवाने स्वतःच्या मरणाने करावे, ही कल्पना त्यात नव्हती.

धर्मशास्त्राची अडचणही येथेच होती. ईश्वर अविकारी, मग त्याला वेदना कशी? 451 च्या कॅल्सिडनच्या परिषदेने एका व्यक्तीत ईश्वरी व मानवी अशी दोन स्वरूपे मानली. दुःख मानवी स्वरूपाने भोगले, पण भोगणारी व्यक्ती ईश्वरपुत्रच होती. या सूत्रातला ताण कथेतच अनुभवास येतो. गेथशेमाने बागेत ख्रिस्ताची मानवी इच्छा मरणापुढे कचरते आणि नंतर पित्याच्या इच्छेला संमती देते. त्या संमतीमुळे दुःख हे कर्मफळ न राहता दान होते. आदामाने गमावलेले स्वातंत्र्य येथे पुन्हा वापरले जाते. मिल्टनने हा क्षण स्वर्गात ठेवला, स्टीफन्सच्या कथेत तो घाम आणि रक्त यांच्यासह पृथ्वीवर येतो. दोघांच्याही मते तारक ठरते ती स्वेच्छा; परंतु पहिल्याला ती शब्दात पुरेशी वाटते, दुसऱ्याला ती देहावर सिद्ध व्हावी लागते.

या निष्कर्षावर थांबणे मात्र सोयीचे ठरेल. ज्या साष्टीत हे पुराण रचले गेले, तेथील देवळे 1567 मध्ये पोर्तुगीज सत्तेने उद्ध्वस्त केली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेज्विट मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. गोव्याचे धर्मन्यायालय 1560 पासून कार्यरत होते. ईश्वरही मानवी इच्छेवर बळजबरी करीत नाही, असे मानणाऱ्या धर्मशास्त्राचे हे पुराण बळ वापरणाऱ्या सत्तेच्या छायेत वाचले जात होते. स्टीफन्सने या विसंगतीचा निषेध केला, असे म्हणण्यास संहितेत आधार शोधू नये. त्याचबरोबर संहितेला केवळ सत्तेचे साधन ठरविणेही अपुरे आहे. कारण प्रश्नोत्तराची तिची पद्धत श्रोत्याची संमती मागते, आणि संमती मागणे म्हणजे नकाराची शक्यता मान्य करणे होय.

हाच निकष मिल्टनलाही लागू पडतो. स्वातंत्र्याची बाजू त्याने स्वर्गाच्या सभेत मांडली. 1660 मध्ये राजसत्ता परतल्यावर तो स्वतः पराभूत पक्षात होता. स्वातंत्र्याविषयी बोलणारा एक कवी सत्तेबाहेर फेकला गेलेला, दुसरा सत्तेच्या आश्रयाने आलेला. त्यामुळे दोन्ही काव्यांतील ‘स्वेच्छा’ या शब्दाचे वजन सारखे राहत नाही. तौलनिक अभ्यासाने सिद्धांतांची साम्ये नोंदवावीत. पण तो सिद्धांत कोणी, कोणापुढे आणि कोणत्या बळाच्या सान्निध्यात उच्चारला, हेही त्याच तराजूत घालावे. तसे केल्यास ‘क्रिस्तपुराणा’तील क्रुसाचे दीर्घ वर्णन दोन अंगांनी वाचावे लागते : ते श्रद्धेचे प्रतिपादन आहे, आणि ज्या सत्तेच्या छायेत ते ऐकले गेले तिला मोजणारे मापही आहे.