‘सेंटिमेंटल’ : एका दूषणाचा पूर्वेतिहास

एखाद्या कृतीला ‘सेंटिमेंटल’ म्हटले की तिच्याविषयी अधिक काही बोलण्याची गरज उरत नाही, असा समज मराठी समीक्षेतही दिसतो. ‘भावविवश’ हा त्याचा पर्यायही दूषण म्हणूनच वावरतो. मूळ शब्दाची वाटचाल मात्र इतकी सरळ नाही.

लॅटिनमधील ‘सेंतिरे’ म्हणजे जाणवणे. त्यापासून आलेल्या ‘सेंटिमेंट’चा अठराव्या शतकातील अर्थ निव्वळ भावना असा नव्हता, भावनेने पुष्ट झालेले मत, नैतिक विचार, प्रसंगी चक्क सुवचन असा होता. रिचर्डसनने १७५५ मध्ये आपल्या तीन कादंबऱ्यांतील ‘सेंटिमेंट्स’ वेचून स्वतंत्र पुस्तक काढले, ते बोधवचनांचे होते. ॲडम स्मिथच्या १७५९ च्या नीतिविषयक ग्रंथाच्या शीर्षकातही हाच शब्द आहे. ‘सेंटिमेंटल’ हे विशेषण त्या मानाने नवे. जो तो वापरत असलेल्या या शब्दाचा अर्थ तरी काय, असे लेडी ब्रॅडशॉ यांनी १७४९ मध्ये रिचर्डसनलाच विचारले होते. स्टर्नच्या १७६८ मधील प्रवासकथेने तो युरोपभर नेला. जर्मन अनुवादासाठी लेसिंगने ‘एम्पफिंडझाम’ हा नवा प्रतिशब्द सुचवला. जॉन वेस्लीला मात्र १७७२ मध्येही तो इंग्रजी शब्द वाटत नव्हता.

शब्दाला उतरती कळा कशी लागली, हे अधिक महत्त्वाचे. शेरिडनच्या १७७७ मधील ‘द स्कूल फॉर स्कँडल’मधला जोसेफ सर्फेस सतत ‘सेंटिमेंट्स’ उच्चारतो आणि वागतो नेमके उलट. म्हणजे येथे आक्षेप अश्रूंच्या प्रमाणावर नाही, उक्ती आणि कृती यांतील अंतरावर आहे. प्रमाणाचा निकष ठळक झाला तो पुढे. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९२९ मध्ये या शब्दाचे अनेक अर्थ वेगळे केले. त्यांपैकी ‘प्रसंगाच्या मानाने अधिक प्रतिसाद’ एवढाच अर्थ पुढे सोयीने उचलला गेला.

‘भावुक’ शब्दाचेही असेच झाले. भागवताच्या आरंभी ‘रसिक’ शब्दाच्या शेजारी बसणारा हा शब्द आज ‘भाबडा’च्या पंक्तीला आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरील नेहमीचा आक्षेप या पार्श्वभूमीवर तपासायला हवा. तो प्रमाणाचा आक्षेप आहे. पण या पुस्तकातील प्रत्येक ‘रात्र’ एखाद्या नीतिविचाराकडे झुकते. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला आई मनाच्या स्वच्छतेची आठवण देते, तेव्हा अश्रू आणि बोध वेगळे काढता येत नाहीत. हा ‘सेंटिमेंट’ रिचर्डसनच्या अर्थाचा आहे. त्याला लावायचा प्रश्न शेरिडनचा : या आईची उक्ती तिच्या कृतीने तोलली जाते काय? पायांच्या प्रसंगात ती बोलण्याआधी स्वतःचे ओचे धोंडीवर पसरते. जेथे निवेदक श्याम आईच्या कृतीवाचूनच उपदेश लांबवतो, तेथे मात्र आक्षेप खरा ठरतो, आणि तो आईवर नाही, श्यामवर ठरतो.