भातखाचरातील मिथेन : कर्ता कोण?

‘भातशेती मिथेन सोडते’ अशी वाक्ये विज्ञानविषयक मराठी लेखनात आढळतात. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. कर्ता मात्र चुकला आहे. पाणी तुंबून खाचरातील प्राणवायू संपला, म्हणजे चिखलातील सूक्ष्मजीव कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन निर्माण करतात. त्यांना ‘जीवाणू’ म्हणणेही सदोष होय. हा गट जीवाणूंहून भिन्न असल्याचे कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखविले. आज त्यास ‘आर्किया’ म्हणतात. भाताचे रोप येथे कर्ता नसून मुख्यतः करण आहे. त्याच्या मुळाखोडांतील पोकळ्यांवाटे मिथेन वर येतो. त्याच वाटेने प्राणवायू खाली उतरतो आणि मुळांपाशी दुसरे सूक्ष्मजीव काही मिथेन नष्ट करतात. वरील वाक्यात त्यांना स्थानच नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. कर्ता दडला की उपायही दडतो आणि दोष शेतकऱ्याच्या माथी येतो. खाचर मधूनमधून सुकू दिल्यास मिथेन बराच घटतो; परंतु त्याच ओल-सुकीत अन्य सूक्ष्मजीव नत्रखतापासून अधिक नायट्रस ऑक्साइड निर्माण करू शकतात. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापकारक आहे. म्हणून पाणी व नत्र यांचा विचार एकत्रच व्हावयास हवा.

‘भातखाचरातून मिथेन बाहेर पडतो’ असे लिहिल्यास खाचर अपादानात राहते, आणि तो निर्माण कोण करतो, हा प्रश्न वाचकापुढे खुला राहतो.