‘प्रतीकात्मक’ उमेदवार

प्रस्थापित वृत्तमाध्यमे बहिष्कृत समाजातील उमेदवाराला सहसा उघड विरोध करीत नाहीत. त्याला ‘प्रतीकात्मक’ म्हणतात आणि मोकळी होतात. विरोधाचा प्रतिवाद करता येतो. या वरवर सभ्य शब्दाचा कसा करणार? म्हणून तो शब्दच तपासला पाहिजे.

२५ जानेवारी १९७२ रोजी ब्रुकलिनमधील एका चर्चमध्ये शर्ली चिझम यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. १९६८ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. आपण केवळ कृष्णवर्णीयांच्या वा केवळ स्त्रियांच्या उमेदवार नाही, हे त्यांनी तिथेच बजावले. तिकडे निवडणुकीत उतरण्याला ‘हॅट टाकणे’ म्हणतात. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट यांनी ही बातमी देताना ‘हॅट’ म्हटले आणि लगेच ‘बॉनेट’, म्हणजे बायकी टोपी, अशी दुरुस्ती केली. उमेदवाराच्या कार्यक्रमाआधी तिचे बाईपण सांगून झाले.

६ जूनला कॅलिफोर्नियात मतदान होते. त्याआधी दूरचित्रवाणीने हंफ्री आणि मॅकगव्हर्न यांना समोरासमोर बसवले. चिझम यांना वगळले. त्यांनी कायद्याने दाद मागितली, तेव्हा कुठे त्यांना वेळ मिळाला. जिंकणार नाही म्हणून दाखवायचे नाही, आणि लोकांना दिसलाच नाही म्हणून उमेदवार हरला, की आपले भाकीत खरे ठरले म्हणायचे! तरीही जुलैतील पक्षाच्या अधिवेशनात चिझम यांना १५२ मते पडली.

हा अनुभव आपल्याला परका नाही. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ सालीच मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्या पक्षाने चिझम यांना पाठिंबा दिला होता. परंतु कृष्णवर्णीय पुरुष पुढाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, हेही नोंदवले पाहिजे. वृत्तमाध्यमांचे माप त्यांनीही स्वीकारले होते.

खरा धोका इथेच आहे. ‘आपलाच आहे, पण मत वाया जाईल’ हे वाक्य वस्त्यावस्त्यांतून आपले कार्यकर्तेही बोलतात. एखाद्या दलित स्त्रीने उमेदवारी मागितली की जरा जास्तच बोलतात. कोणता उमेदवार ‘गंभीर’ हे ठरवण्याचा अधिकार वृत्तपत्रांना कोणी दिला, असे आपण जरूर विचारावे. मात्र तो निकाल आपणही न वाचता, न तपासता किती वेळा मान्य केला, याचा हिशेब आधी द्यावा.